सामासिक अंतराची सवलत : हक्क की विक्री?

शहराच्या वाढत्या कडेला, आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेल्या एका गुंठ्याच्या तुकड्यावर घर बांधू पाहणाऱ्या कुटुंबापुढे नकाशा काढतानाच एक पेच उभा राहतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. हा तुकडा २० फूट रुंद आणि सुमारे ५४ फूट लांब आहे असे धरू. दोन्ही बाजूंना ५-५ फूट, पुढे १० फूट व मागे ५ फूट जागा सोडावयाची ठरली, तर बांधकामासाठी उरते ती १० फूट रुंदीची आणि ३९ फूट लांबीची पट्टी. त्यात जिना बसविला की माणसांना राहावयास काय उरणार? म्हणून हे कुटुंब नगररचना विभागाकडे अर्ज करते आणि सामासिक अंतरात थोडी शिथिलता मागते. या साध्या मागणीत शहरातील जमीन, आरोग्य आणि सत्ता यांचे सगळे संबंध गुंतलेले आहेत.

डाव्या चळवळीत या प्रश्नाकडे दोन टोकांनी पाहिले जाते. गरिबाला छप्पर हवे, तेव्हा त्याच्या आड येणारे नियम मोडीत काढावेत, असे काहींना वाटते. नियम सर्वांना सारखा, तेव्हा सवलत कोणालाच नको, असे दुसरे म्हणतात. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत.

नियमाचा जन्म

घराभोवती मोकळी जागा सोडण्याचा नियम नोकरशाहीच्या लहरीतून आलेला नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि अंधाऱ्या, कोंदट चाळींतील माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. त्यानंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने उजेडाचा हिशेब मांडला. खोलीला ६३.५ अंशांच्या कोनातून आकाश दिसले पाहिजे, हे त्याचे सूत्र होते. म्हणजे समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त असता कामा नये. या ट्रस्टने गरिबांच्या खोल्या पाडल्या आणि विस्थापितांना पुरेशी नवी घरे दिली नाहीत, हाही इतिहास आहे, आणि तो विसरता येणार नाही. पण उजेड आणि वारा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, हे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही.

सामासिक अंतर हे जागामालकाच्या खाजगी मालकीवरील समाजाचे बंधन आहे. ती जागा मालकाच्या सात-बारावर असली, तरी तिच्यातून येणारा उजेड शेजाऱ्याचा असतो. आग लागली तर बंब तिथूनच आत जाणार असतो. जमिनीच्या मालकीला सामाजिक मर्यादा असल्याच पाहिजेत, असे मानणाऱ्यांनी या नियमाचे रक्षण करावयाचे असते.

सवलतीचे तीन मार्ग

पण रक्षण म्हणजे आंधळा हट्ट नव्हे. प्रत्येक भूखंड चौकोनी नसतो. वारसांतील वाटणी, रस्तारुंदीत गेलेली जागा, गुंठेवारीने पडलेले तुकडे यांमुळे काही ठिकाणी नियम अक्षरशः पाळणे अशक्य होते. म्हणूनच मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत, आणि डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता राज्यातील बहुतेक नियोजन प्राधिकरणांना लागू झालेल्या एकत्रिकृत नियमावलीतही, स्पष्ट दिसणारी अडचण असेल तर मापांत सूट देण्याचा अधिकार प्रशासनास आहे. मात्र त्या सवलतीने रहिवाशांच्या व शेजारच्यांच्या आरोग्यास व सुरक्षिततेस बाध येता कामा नये. तरतूद योग्यच आहे. पण तिचा उपयोग कोणाला होतो?

पहिला मार्ग एकट्या कुटुंबाचा. २०२० च्या नियमावलीने लहान भूखंडांसाठी अंतरे कमी केली आणि १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नियमात बसणारे घर बांधणाऱ्याचे हेलपाटे कमी केले, हे मान्य केले पाहिजे. परंतु जो नियमात बसतच नाही, त्याचे काय? १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात ६० दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची सोय आहे, पण ती नियमाला धरून असलेल्या नकाशापुरतीच. सूट मागणाऱ्याला मुदतीचे असे संरक्षण नाही. अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो. अखेर पावसाळा तोंडावर आला की कुटुंब जोते घालून मोकळे होते, आणि त्याच क्षणी ते कायद्याच्या दृष्टीने अनधिकृत ठरते. पुढे कलम ५३ ची नोटीस, ती दाखवून पैसे मागणारा दलाल, आणि ‘बघून घेतो’ म्हणणारा स्थानिक पुढारी! नियमबद्ध नागरिकाला मिंधा मतदार बनविणारी ही यंत्रणा आहे.

दुसरा मार्ग पैशाचा. मुंबईत मोकळ्या जागेतील तूट अधिमूल्य भरून माफ करून घेण्याची पद्धत रुळली आहे. जानेवारी २०१२ मध्ये फुलदाण्यांच्या कट्ट्यांसारख्या, चटई क्षेत्रातून सुटणाऱ्या जागा हिशेबात धरल्या गेल्या आणि प्रशासनाच्या मर्जीला काहीसा लगाम बसला. पण त्याबरोबरच जादा क्षेत्र अधिमूल्याने विकत घेण्याची सोयही झाली. मर्जीची जागा दरपत्रकाने घेतली. जानेवारी २०२१ मध्ये तर राज्य सरकारने बांधकाम प्रकल्पांच्या अधिमूल्यांत त्या वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सूट जाहीर केली. सूट घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरावे, अशी अट होती. पण हवा आणि उजेड यांची भरपाई मुद्रांक शुल्काने कशी होणार? ज्याच्या खिडकीसमोर भिंत उभी राहिली, त्या शेजाऱ्याला त्या अधिमूल्यातला एक रुपयाही मिळत नाही. अडचण खरी असेल तर सवलत विनामूल्य मिळाली पाहिजे. आणि अडचण नसेल तर ती कोणत्याही किमतीला मिळता कामा नये.

तिसरा मार्ग सर्वांत क्रूर आहे, कारण तो गरिबांच्या नावाने काढलेला आहे. झोपडपट्टीवासीयांच्या आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसन इमारतींसाठी मोकळ्या जागेची बंधने सरकारनेच सैल केली. येथे राहणाऱ्याने सवलत मागितलेली नसते. ती त्याच्यावर लादली जाते. गोवंडी-मानखुर्द परिसरातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड येथे कित्येक इमारतींमधील अंतर जेमतेम ३ मीटर आहे. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वसाहतींतील क्षयरोगाचे मोठे प्रमाण आणि इमारतींची दाटी, उजेड व खेळत्या हवेचा अभाव यांचा संबंध दाखवून दिला. प्लेगने शिकविलेला धडा शतकभरानंतर त्याच शहराने असा पुसून टाकला.

मागणी काय असावी?

ज्या अमेरिकेत अशा सवलतीची पद्धत घडली, तेथील अनुभव उद्बोधक आहे. न्यूयॉर्कने १९१६ साली विभागवार बांधकामाचे नियम केले तेव्हाच अपवादाचे अर्ज ऐकणारे मंडळही नेमले. शेजाऱ्यांना सूचना, जाहीर सुनावणी आणि लेखी कारणे यांवर तेथे भर असतो. नफा कमी होतो ही अडचण मानली जात नाही, आणि अर्जदाराने स्वतः ओढवून घेतलेली अडचणही सहसा चालत नाही. त्याच देशात मोठ्या भूखंडांची सक्ती करून कृष्णवर्णीयांना व गरिबांना उपनगरांबाहेर ठेवण्यात आले, हेही खरे. म्हणून तेथील व्यवस्था जशीच्या तशी उचलावयाची नाही. उघड सुनावणीचे तत्त्व तेवढे घ्यावयाचे आहे.

त्या दृष्टीने चार मागण्या पुढे आल्या पाहिजेत. एक, स्वतः राहण्यासाठी बांधलेल्या लहान घराच्या सवलत-अर्जावर ठरावीक मुदतीत लेखी व सकारण निर्णय व्हावा. दोन, शेजाऱ्यांना म्हणणे मांडण्याची संधी मिळावी, आणि मंजूर झालेली प्रत्येक सवलत कारणांसह प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लागावी. तीन, मोकळ्या जागेच्या तुटीवर अधिमूल्य घेण्याची पद्धत बंद व्हावी. चार, पुनर्वसन इमारतींना उजेड व वाऱ्याचे किमान प्रमाण बंधनकारक असावे आणि ते कोणालाही शिथिल करता येऊ नये.

तिसऱ्या मागणीवर एक आक्षेप येईल : पालिकांचे उत्पन्न बुडेल. बुडेल हे खरे. पण रहिवाशांचा श्वास विकून रस्ते बांधणारी पालिका पुढे तोच पैसा क्षयाच्या दवाखान्यांवर खर्च करते. उत्पन्न हवे असेल तर जमिनीच्या वाढलेल्या किमतीवर, ज्या वाढीत मालकाचे श्रम नसतात, कर बसविण्याचे धैर्य दाखवावे.

हे काम विधिमंडळात ठराव मांडून संपणारे नाही. प्रभागातील कार्यकर्त्याने अडलेल्या कुटुंबाचा अर्ज लिहून द्यावा, त्याच्याबरोबर कचेरीत जावे, आणि त्याच वेळी शेजारच्या घराच्या खिडकीत उभे राहून उजेड किती अडेल तेही पाहावे. दोन गरीब कुटुंबांमधील तीन-चार फुटांचा तंटा दलालाच्या हाती जाण्याआधी समोरासमोर बसून मिटविता आला, तर तेवढी दलालाची सत्ता कमी होते. वस्तीत समाजवादाची खरी ओळख अशाच कामातून होते.