'समस्त' म्हणजे कोण रे?

पाठिंबा हा शब्द आता ऐकवत नाही. निवडणूक लागली की हा शब्द शालीत गुंडाळून स्टेजवर येतो. मागं दोन-चार पुढारी, त्यांच्या मागं रोजावर आणलेली, गळ्यात निळा पंचा टाकलेली पोरं. फोटो निघतो, बातमी छापून येते. करंजाड्यातील समस्त बौद्ध समाजाचा अमुक उमेदवाराला बिनशर्त पाठिंबा.

दोस्तांनो, मी करंजाड्यात राहतो. बौद्ध आहे. म्हणजे त्या 'समस्त'मध्ये मीपण मोडतो. मला कोणी विचारलं? माझ्या बिल्डिंगमध्ये आपली सात घरं आहेत, त्यातल्या एकाला तरी कोणी विचारलं? २०२४ च्या विधानसभेला असलं एक पत्र फिरत फिरत माझ्या मोबाइलवर आलं. लेटरहेड होतं, गोल शिक्का होता, झोकदार सही होती. बैठक कधी झाली, कुठं झाली, किती माणसं होती, विरोधात कोण बोललं, यातलं एक अक्षर नव्हतं. 'बिनशर्त' तेवढं ठळक टायपात. अरे, खोली भाड्यानं देणारा मालक आपल्याला शंभर अटी घालतो. मटण शिजवायचं नाही म्हणतो, आडनाव विचारतो, गाव विचारतो, आणि मग सांगतो की खोली कालच गेली. ज्यांना आयुष्यभर अटीवर जगवलं त्यांचं मत तेवढं बिनशर्त. कुठल्या दुकानात मिळतो हा माल?

हा धंदा इथं का चालतो ते नीट बघा. चाळीत, झोपडपट्टीत हे इतकं सोपं नव्हतं. पुढाऱ्यानं परस्पर शब्द दिला तर संध्याकाळी नळावर बायका त्याची इज्जत काढायच्या. गाढी नदीच्या त्या अंगाला पनवेल आणि या अंगाला आपण. चेंबूर, घाटकोपर, मानखुर्दहून निघालेली माणसं, मराठवाड्यातून आलेली माणसं, विमानतळाच्या भरावानं उठवलेल्या गावांची माणसं, सगळी सिडकोच्या प्लॉटांवर चढलेल्या इमारतींत शिरली. कोणी भाड्यानं, कोणी कर्जानं. वस्ती म्हणून आपण एका जागी उरलोच नाही. एका मजल्यावर एक घर, दुसऱ्यावर दोन. दारावरच्या पाटीवरचं आडनाव वाचून ओळख पटवायची. जयंतीच्या मिरवणुकीत सगळे दिसतात, एरवी लिफ्टमध्ये जयभीम घालायलाही माणूस दबकतो. अशा ठिकाणी ज्याच्याकडं लेटरहेड तो समाज. त्यात कारभाराचा सगळा घोळ. नोड सिडकोचा, गाव ग्रामपंचायतीचं, आणि २०१६ ला पनवेल महापालिका झाली तेव्हा करंजाडे तिच्या बाहेर. पाण्याची बोंब मारायची तर कुणाच्या दारात? टँकरवाल्याच्या! म्हणून आमदाराचं माणूस आलं की लोकांना वाटतं, चला, निदान कोणीतरी आलं.

बरं, ज्याला पाठिंबा द्यायचा तो उमेदवार तरी आपण निवडतो का? अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवायला आधी मतदारांची प्राथमिक निवडणूक होते. तिथं पैशाचा धुडगूस काही कमी नाही, त्यांचं कौतुक मला सांगू नका. पण निदान मतपेटी आहे. आपल्याकडं काय आहे? ए-बी फॉर्म. कोणाच्या सहीला पक्षाची सही मानायची ते ए फॉर्मात, आणि त्या सहीनं कोणाचं नाव ते बी फॉर्मात. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हे दोन कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचले की पक्षाचा उमेदवार जन्माला आला. पनवेलचा उमेदवार मुंबईच्या बंगल्यात नाहीतर दिल्लीत ठरतो. पक्षाच्या साध्या कार्यकर्त्यालाही टीव्हीवर कळतं. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसनं थोड्या मतदारसंघांत प्राथमिक निवडणुकीचं नाटक करून पाहिलं. महाराष्ट्रात वर्धा आणि राखीव लातूर. मतदार कोण, तर पक्षाचेच पदाधिकारी. वर्ध्यात कोण निवडून आला? दत्ता मेघ्यांचा मुलगा. म्हणजे मतपेटी ठेवली तरी आतून घराणंच निघालं. निवडणुकीत सागर मेघे पडले, लातूरला दत्तात्रय बनसोडे पडले, आणि पुढं तो प्रयोगही गुंडाळला गेला.

आता खरं दुखणं. या देशात कायद्यानं प्राथमिक निवडणूक झाली ती आपल्याच लोकांची झाली. हे आपल्या किती पोरांना माहीत आहे? पुणे करार म्हटलं की आपण शिव्या घालतो. घाला, त्या लायकीचाच आहे तो. पण वाचून घाला. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात सह्या झाल्या. गांधींनी उपोषण करून बाबासाहेबांच्या गळ्याला फास लावला होता. स्वतंत्र मतदारसंघ गेला. निवाड्यातल्या ७१ जागांच्या १४८ झाल्या, पण त्या संयुक्त मतदारसंघात. त्या मोडतोडीतूनही एक गोष्ट हाती लागली. प्रत्येक राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मतदान करायचं. एका मतदाराला एक मत. ज्यांना जास्त मतं पडतील ते चौघे पुढं जायचे आणि त्या चौघांतून एकाला सगळ्या मतदारांनी, म्हणजे सवर्णांसकट, निवडायचं. मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. प्रांतिक विधिमंडळासाठीची ही आपली प्राथमिक निवडणूक.

कल्पना करा. गावकुसाबाहेरचा माणूस, ज्याच्या सावलीचा विटाळ, तो आपला उमेदवार आपण ठरवतोय. सरकार त्याचं मत मोजतंय.

पण मेख कुठं होती? चार पाठवायचे आम्ही, त्यातला एक उचलायचा त्यांनी. आपल्या लोकांत पहिला आलेला माणूस सवर्णांच्या मतांनी पाडता यायचा आणि चौथा आलेला आमदार व्हायचा. बाबासाहेबांना हे दिसत होतं. १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्ष रान पेटवून उतरला म्हणून निभावलं. मुंबईत खुद्द बाबासाहेबांसमोर काँग्रेसनं उभा केला तो क्रिकेटवीर पाळवणकर बाळू. चांभार समाजातला, देशभर नाव असलेला माणूस. बाबासाहेब १३,२४५ आणि बाळू ११,२२५. दोन हजारांचा फरक! आपला माणूस आपल्याच माणसाकडून पाडायची युक्ती आजची नाही, हे ध्यानात ठेवा.

१९४६ ला युक्ती फळाला आली. जिथं फक्त अस्पृश्यांचं मतदान तिथं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन पुढं, आणि सगळ्यांचं मतदान झालं की काँग्रेसचे हरिजन निवडून. बाबासाहेब ब्रिटिशांना ओरडून सांगत होते की अस्पृश्यांचा कौल बघायचा तर प्राथमिक निवडणुकीचे आकडे बघा. कॅबिनेट मिशननं कानावर घेतलं नाही. त्याच जुलैत पुण्यात विधिमंडळासमोर आपल्या लोकांनी पुणे कराराविरुद्ध सत्याग्रह केला, तुरुंगात गेले. पुढं राज्यघटनेत राखीव जागा आल्या, प्राथमिक निवडणूक आली नाही. आमचे चार आम्ही ठरवायचे, एवढाही हक्क राहिला नाही. आता चार सोडा, एकसुद्धा नाव आमच्याकडून जात नाही. कांशीराम यांनी कराराला पन्नास वर्षं झाली त्याच दिवशी, २४ सप्टेंबर १९८२ ला, 'चमचा युग' काढलं ते उगाच नाही.

म्हणून म्हणतो, हे जे पाठिंब्याचं पत्र आहे ना, ते आपल्या प्राथमिक निवडणुकीच्या मढ्यावर बसलेलं गिधाड आहे. लाखो अस्पृश्यांनी रांगा लावून जे करायचं ते आता एकजण शिक्का मारून करतो.

आपल्या पुढाऱ्यांच्या पाठिंब्याचा इतिहास काढला तर लाज वाटेल. १९७१ च्या लोकसभेला काँग्रेसशी समझोता करून रिपब्लिकनांच्या पदरात एक जागा. एक! जानेवारी १९७४ ला मध्य मुंबईची पोटनिवडणूक. काँग्रेसचे रामराव आदिक उभे, पाठीशी शिवसेना, आणि रिपब्लिकन पुढारीही त्याच रांगेत. गावोगाव आपल्या माणसांवर अत्याचार चाललेले असताना मतं मात्र सत्ताधाऱ्यांना द्यायची. दलित पँथरनं पाठिंबा धुडकावला आणि बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीला उघड मैदानात सभा घेऊन पुकारला, कुणाच्या बैठकीच्या खोलीत नव्हे. सभेवर दगड आले, लाठ्या आल्या, बीडीडी चाळींत दंगल पेटली. १० तारखेच्या मोर्चात भागवत जाधव दगडानं मारला गेला. आदिक पडले, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. पाठिंबा नाकारण्याची किंमत आपण रक्तानं मोजली आणि आज आपलेच लोक शालीवर आणि जयंतीच्या साउंड सिस्टिमवर पाठिंबा देतात. २०१९ च्या विधानसभेला तर आठवले गटाच्या वाट्याचे उमेदवार कमळाच्या चिन्हावर उभे राहिले. निळ्या झेंड्याचं चिन्हसुद्धा स्वतःचं उरलं नाही!

कोणी म्हणेल, आपला मतदारसंघ खुला आहे, आपण थोडे, आपल्या ठरवण्याला विचारतो कोण? मग १९९८ आठवा. रिपब्लिकन एकत्र आले, काँग्रेसशी बरोबरीनं बोलले, आणि चार खासदार निवडून आले. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सु. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबई उत्तर-मध्यमधून रामदास आठवले. चारही जागा खुल्या. वर्षभरात पुन्हा फुटले ती गोष्ट वेगळी, तिच्यावर स्वतंत्र लिहावं लागेल आणि तोंड खराब करावं लागेल.

आणि पनवेलचंच बघा. अनेक वर्षं शेकापचा बालेकिल्ला. २००९ ला प्रशांत ठाकूर काँग्रेसकडून आले, २०१४, २०१९, २०२४ ला तेच भाजपकडून. माणूस तोच, पंजाचं कमळ झालं. त्यांनी काय करावं हा त्यांचा प्रश्न. माझा प्रश्न पाठिंब्याच्या पत्रवाल्यांना आहे. तुमचा पाठिंबा विचाराला असतो, पक्षाला असतो, की गाडीला?

उमेदवार बौद्धच पाहिजे असं मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी १९३७ ला कोकणात अनंत चित्रे आणि शामराव परुळेकर उभे केले, ते आपल्या जातीचे नव्हते. त्याच वर्षी बाबासाहेबांनी विधिमंडळात खोती मोडण्याचं विधेयक आणलं. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, चरीच्या आगरी कुळांनी नारायण नागू पाटलांबरोबर वर्षानुवर्षं संप चालवला आणि बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. जानेवारी १९८४ ला जासईच्या बाजूला दि. बा. पाटलांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी मेले, तेव्हा सिडकोला साडेबारा टक्क्यांचं शहाणपण सुचलं. आगरी शेतकऱ्याचं आणि आपलं भांडण लावण्यात कुणाचा फायदा आहे ते ओळखा. फक्त एवढंच की जमीनवाल्याला साडेबारा टक्के मिळाले, भूमिहीनाला काय मिळालं, हे त्याच्या उमेदवाराला तोंडावर विचारायची आपली हिंमत पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. २०२९ च्या विधानसभेच्या आधी करंजाड्यात आपली प्राथमिक निवडणूक घ्यायची. कायद्यात नाही? नसू दे. मत शेवटी ज्याचं त्यानं गुप्तच द्यायचं आहे, त्यात कोणी हात घालणार नाही. पण 'समाजाचा पाठिंबा' म्हणून कागद निघणार असेल तर तो मोजून निघेल. जे जे उमेदवार उभे आहेत त्या सगळ्यांना बोलवायचं. येणार नाही त्याचं नाव फळ्यावर गैरहजर म्हणून लिहायचं. मांडव आपल्या पैशाचा, चहा आपल्या पैशाचा, उमेदवाराच्या बिर्याणीचा टेम्पो गेटवरून परत. आलेल्यांना विचारायचं, पाणी कधी देणार तारीख सांगा. विमानतळावर झाडू मारायलाच आमची पोरं घेणार की वरच्या कामालाही? कंत्राटी सफाई कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा कुठं जातो? खोली नाकारणाऱ्या घरमालकाविरुद्ध विधानसभेत तोंड उघडणार का? उत्तर लेखी घ्यायचं आणि मग चिठ्ठ्या टाकायच्या. बायकांची चिठ्ठी वेगळी, नवऱ्याच्या खिशातून नाही. मांग, चांभार, होलार, कातकरी, ज्यांना यायचं त्या सगळ्यांना मत, नाहीतर आपणही लेटरहेडवालेच. आकडे भिंतीवर लावायचे, हरलेल्या बाजूचेसुद्धा. सगळेच नालायक ठरले तर तोही निकाल भिंतीवर.

'मतं फुटतील' अशी ओरड होईल. जी मतं कधी एकत्र मोजलीच नाहीत ती फुटणार कशी? 'शत्रू निवडून येईल' म्हणतील. शत्रू रोखायचा असेल तर लोक तेही चिठ्ठीवर ठरवतील, लोकांना अक्कल आहे. २०२४ च्या लोकसभेला राज्यघटनेच्या प्रश्नावर लोकांनी कुणाच्या लेटरहेडची वाट पाहिली नव्हती. आणि आपले काही जहाल मित्र म्हणतील, निवडणूक हाच भ्रम, बहिष्कार टाका. टाकू की. पण पँथरसारखा उघड्यावर लोकांना विचारून, कट्ट्यावर सिगारेट ओढत नव्हे.

आधी यादी लागेल. कुठल्या बिल्डिंगमध्ये आपली किती घरं, त्यात मतदार किती, किती जणांचं नाव अजून जुन्या पत्त्यावर अडकलंय. ते इथं आणायचे अर्ज भरून घ्यावे लागतील. एकट्याचं काम नाही. रविवारी सकाळी दहाला आम्ही पाचजण वह्या घेऊन सेक्टर सहापासून सुरुवात करतोय. ज्याला जिना चढता येतो त्यानं यावं.

जयभीम.