कवडीमोल

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर ठेवलेल्या कवड्यांकडे पाहून आमच्या धाकट्या नातवानें विचारलें, "आजोबा, कवडीमोल म्हणजे फुकट ना? मग लक्ष्मीपुढें कवड्या कशाला?" शंका पोराची, तरी ती रास्त होती. तिचें उत्तर वाचकांसही रुचेल असें वाटून येथें देत आहों.

कवडी हें एका लहानशा सागरी गोगलगाईचें कवच होय. लांबी जेमतेम इंचभर. १७५८ सालीं स्वीडनच्या लिनीअसनें तिच्या शास्त्रीय नांवांत 'मोनेटा', म्हणजे नाणें, हा लॅटिन शब्द घातला. उथळ समुद्रांत प्रवाळाच्या दगडांखालीं हा प्राणी राहतो. चालतांना तो आपल्या अंगाचा मऊ पडदा दोन्ही बाजूंनीं पाठीवर ओढून घेतो. त्या पडद्यांतून पाझरणाऱ्या द्रव्याचे थर बसून कवचास ती झिलई येते. कवडी सहसा फुटत नाहीं, लवकर झिजत नाहीं, आणि तिची नक्कल करणें कठीण. म्हणूनच ती नाणें झाली.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण व १६ पणांचा एक द्रम्म असें कोष्टक आहे. म्हणजे १२८० कवड्यांस एक द्रम्म. कवड्या येत त्या मुख्यत्वें मालदीव बेटांतून. १३४३ सालीं तेथें गेलेला प्रवासी इब्न बतूता सांगतो कीं, लोक हे प्राणी समुद्रांतून वेंचून खड्ड्यांत टाकीत, मांस नाहींसें झालें म्हणजे पांढरीं कवचें काढीत, आणि बंगालचे व्यापारी तांदूळ देऊन तीं नेत.

पुढें युरोपीय जहाजांनीं याच कवड्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेल्या आणि त्या मोजून जिवंत माणसें विकत घेतलीं. निरुपद्रवी जीवाच्या घराचा याहून हीन उपयोग तो कोणता?

इकडे ओडिशांत १८०३ सालीं कंपनी सरकारचा अंमल बसला व सारा चांदीच्या रुपयांत मागितला जाऊं लागला. रयतेजवळ होत्या कवड्या. एका रुपयासाठीं दिवसेंदिवस अधिक कवड्या मोजाव्या लागल्या; सारा थकला, जमिनी लिलांवांत गेल्या. १८१७ च्या पाइकांच्या उठावाच्या अनेक कारणांपैकीं हें एक होय. कवडी तीच होती, तिची झिलईही तीच होती; परंतु सरकार ती घेईना, तेव्हां गरिबाच्या गाडग्यांतील सारी पुंजी कवडीमोल झाली.

आम्हीं नातवास एवढेंच सांगितलें, "बाळ, एके काळीं लोकांची लक्ष्मी हीच होती. कोणाची पुंजी लहान दिसली तरी तिला हंसूं नये." त्यानें चौरंगावरील कवड्या मोजल्या, अकरा भरल्या. "म्हणजे आपल्यापाशीं एक काकिणीसुद्धां नाहीं!" तो गंभीरपणें म्हणाला. कोष्टक त्याच्या ध्यानांत राहिलें, याचें आम्हां जुन्या मास्तरास समाधान वाटलें.