स्कॉटलंडच्या डोंगरावरचं मटण

स्कॉटलंडमधून लांडगा नाहीसा झाला त्याला जवळपास तीन शतकं झाली. हरणं राहिली, आणि त्यांना खाणारं कोणी नसल्यामुळे वाढत गेली. आज तिथे त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. हे कळप पाइनची कोवळी रोपं जमिनीलगत खुडतात. जुनी झाडं वठतात आणि त्यांच्या जागी नवं झाड उभंच राहत नाही. केर्नगॉर्म्स डोंगररांगेतल्या ग्लेन फेशी या खोऱ्यात २००४च्या सुमारास हरणांची संख्या मोठ्या प्रमाणावर कमी केली, तेव्हा त्यावरून बराच गदारोळ झाला. पण पुढच्या काही वर्षांत तिथे कुंपण न घालता पाइनची रोपं वर आली.

आता स्कॉटलंडमध्ये दरवर्षी लाखाहून अधिक हरणं मारली जातात. २०२३ मध्ये तर नरांच्या शिकारीवरचा बंदीकाळही सरकारने उठवला. जंगलासाठी हरीण मारावं लागणारच असेल, तर त्याचं मांस वाया न जाता माणसांच्या ताटात पोचलं पाहिजे. ब्रिटनच्या दुकानांत मात्र अर्ध्या जगाचा प्रवास करून आलेलं न्यूझीलंडचं पाळीव हरीणही विकलं जात आलं आहे. घरचं हरीण डोंगरावर असताना हे खटकतं.

बीफला पर्याय म्हणून हे मांस खरोखर उजवं आहे. हरणाच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे १२० कॅलरी, २३ ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम अडीच ग्रॅम चरबी असते. बीफच्या नेहमीच्या खिम्यात तेवढ्याच वजनात २० ग्रॅम चरबी आणि अडीचशे कॅलरी असतात. लोहाचं प्रमाणही हरणात चांगलं असतं. हरीणही रवंथ करतं, म्हणजे मिथेन तेही सोडतं. पण रानातल्या हरणासाठी कोणी कुरणं राखत नाही की धान्य पिकवत नाही.

स्वयंपाकात सगळी मेख त्या अडीच ग्रॅम चरबीत आहे. बीफच्या स्टेकमध्ये चरबीचे धागे असतात. ते वितळतात आणि आच थोडी जास्त झाली तरी मांस रसाळ राहतं. हरणाला हा आधार नाही. पाठीचा लांब, मऊ तुकडा कडकडीत तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी झटपट परतावा, आतलं तापमान ५५ अंशांच्या आसपास आलं की उतरवावा आणि कापण्याआधी काही मिनिटं तसाच ठेवावा. तो आत गुलाबीच हवा. बीफ समजून तव्यावर ठेवत राहिलं, की कोरडा, चिवट तुकडा हाती येतो आणि बोल मात्र हरणाला लागतो. मांसावरचा चकचकीत पांढरा पापुद्रा कितीही शिजवला तरी गळत नाही. धारदार सुरीने तो आधीच सोलून काढावा. खिमा मात्र आत गुलाबी ठेवू नये, पूर्ण शिजवावा.

खांदा आणि नळ्यांचं तंत्र उलटं. तिथे घाई चालत नाही. स्कॉटिश घरांत हे तुकडे रेड वाइन, गाजर आणि जुनिपरच्या फळांबरोबर मंद आचेवर दोन-तीन तास शिजतात, वर बेकनची चरबी असते. मराठी स्वयंपाकघरात त्या चरबीची जागा सुकं खोबरं घेतं. भाजलेलं खोबरं, तीळ आणि खसखस यांच्या कोल्हापुरी वाटणाला भरपूर तेल सुटतं. कोरड्या मांसाला नेमकं तेच हवं असतं. हरणाची गडद, रानवट चव कांदा-लसूण मसाल्यापुढे दबत नाही, हे तर आणखीच चांगलं. तवंग आलेला तांबडा रस्सा आणि त्यात हाडासकट शिजलेला खांदा, यापेक्षा चांगली जोडी सुचवता येणार नाही.

पण हे सगळं ब्रिटनमधलं, तिथेच करायचं. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे. चितळ, सांबर, काळवीट, भेकर यांची शिकारच नव्हे, तर त्यांचं मांस जवळ बाळगणंही गुन्हा आहे. तो कायदा योग्यच आहे, कारण इथल्या हरणांवर वाघ, बिबटे आणि रानकुत्रे जगतात. कोणी चोरून आणून दिलंच, तर ताटाला हात लावू नये.

ब्रिटनमध्ये विकत घेतानाही दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, हरीण शिशाच्या गोळीने मारलं होतं का? शिशाचे बारीक कण मांसात राहू शकतात, म्हणून गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी असं मांस शक्यतो टाळावं, असा तिथल्या अन्न-सुरक्षा यंत्रणांचा सल्ला आहे. दुसरी खास आपल्या मंडळींसाठी. बीफ खात नाही म्हणून हरणाचं सॉसेज किंवा बर्गर घेत असाल, तर पाकिटावरची बारीक अक्षरं आधी वाचा. मांस कोरडं पडू नये म्हणून त्यात अनेकदा डुकराची किंवा गाईची चरबी मिसळलेली असते.