अंगठा कुठे गेला?

मंडळी, परवा लालबागला दादाचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकल्यावर नेहमीची गोष्ट निघालीच. गिरणीच्या मेकॅनिक खात्यात दादाचा अंगठा गेला, तरी तो पुन्हा लेथवर उभा राहिला! सगळ्यांनी माना डोलावल्या. 'काय छाती होती!'

मी जन्मभर मुलांना व्याकरण शिकवलं. 'अंगठा गेला' या वाक्यात मला खोट दिसते. अंगठा काय शिमग्याला कोकणात गेला होता? तो तुटला, आणि तुटायला कारण होतं. हे आता बोलायलाच हवं, कारण दादाचा नातू महिनाभर एका गाळ्यात लेथ शिकतोय. मनगटात देवाचा धागा बांधून!

गोष्ट १९७९ सालची, १९८२ च्या संपाआधीची. बिडाचा एक वेडावाकडा जॉब होता. तो तीन जबड्यांच्या चकात बसत नाही, त्याला फोर-जॉ चक लागतो. त्याचा प्रत्येक जबडा आपापल्या स्क्रूवर स्वतंत्र सरकतो, म्हणून तो कसलाही आकार पकडतो. पण मोठा जॉब धरला की तेच जबडे चकाच्या कडेबाहेर येतात. चक फिरू लागला की ते दिसत नाहीत, नुसतं धूसर वर्तुळ दिसतं. दादाने जॉब पुसायला सुताचा बोळा घेऊन चालू चकाजवळ हात नेला. बोळा जबड्यात अडकला...

मिनिटाला ३०० फेरे म्हणजे सेकंदाला ५. 'अरे' म्हणेपर्यंत चक दोनदा फिरलेला असतो. तिथे छाती काय करणार?

'अनुभवी माणसाला नियम लागत नाहीत' म्हणणाऱ्यांना माझा सवाल आहे. दादा तेव्हा काय नवखा होता? नवखा घाबरून हात लांब ठेवतो. सरावलेलाच हात जवळ जातो.

नियम तरी असे किती आहेत? चक चढवताना खाली लाकडी फळी ठेवा. समोरासमोरचे जबडे आळीपाळीने आवळा, चारही घट्ट आहेत ना ते पाहा. चावीवरचा हात काढायचा तो चावी चकातून काढल्यावरच. लेथ सुरू करण्याआधी चक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहा, जबडा कुठे लागत नाही ना. जॉब एका बाजूला जड असेल तर वेग कमी ठेवा. पुसणं, मोजणं लेथ पूर्ण थांबल्यावर. डोळ्यांवर चष्मा हवाच. हातमोजे, अंगठी, धागा, सैल बाही मात्र अजिबात नको.

हे सगळं मला दादानेच शेवटच्या आजारपणात सांगितलं. लेथ थांबवून पुसायला अर्धं मिनिट लागतं म्हणाला. ते अर्धं मिनिट तेव्हा गिरणीला महाग वाटायचं. आणि आपण? आपण ४० वर्षं त्याच्या छातीचं कौतुक केलं, पण 'हे टळलं असतं का?' एवढं कुणी विचारलं नाही. मीही नाही. या कौतुकावरच आपला नातू वाढलाय.

असो. बाळा, धागा देव्हाऱ्यात ठेव, देव रागावत नाही. आणि बाकीच्यांनो, पुढच्या वर्षी गोष्ट सांगाल तर पूर्ण सांगा. चक चालू होता आणि हातात बोळा होता.