वैशाखातील खोली, माघातील खोली

बहुवारिकाने स्थिर केलेल्या द्रवस्फटिकांवर साताऱ्या-सांगलीकडून जी हस्तलिखिते आमच्याकडे येतात, त्यांत ‘नमुना खोलीच्या तापमानास जंबुपार दिव्याखाली ठेवला’ हे वाक्य इतक्या निर्धास्तपणे लिहिलेले असते, की ती खोली कोणत्या गावची आणि महिना कोणता, याची पृच्छा करणे म्हणजे लेखकाचा उपमर्दच व्हावा. तथापि ही पृच्छा आम्हांस करणे प्राप्त आहे. जॉर्ज ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडात हल येथे सिद्ध करून १९७३ साली प्रसिद्ध केलेला ‘५सीबी’ हा पदार्थ सुमारे २३ ते ३५ अंश सेल्सिअस एवढ्याच टापूत नेमॅटिक, म्हणजे रेणू एका रांगेत असलेला, असतो. सांगलीच्या वैशाखातील दुपारी मेजावरच्या कुपीत पाहावे, तो त्याचा दुधाळ गढूळपणा लोपून नितळ, सामान्य द्रव उरलेला, आणि साताऱ्यास माघातल्या पहाटे तोच गोठून बसण्याचा संभव. त्यात द्रवस्फटिकी नसलेले एकवारिक मिसळले, की वरची मर्यादा आणखी खाली उतरते. शिवाय दिव्याची ऊब निराळीच, जिची दाद-फिर्याद सहसा कोणी घेत नाही.

त्या दिव्याखाली शेकडा चार-पाच भाग एकवारिकाचे जे जाळे बनते, ते त्या घटकेस रेणू ज्या रांगेत उभे असतील तीच रांग धरून ठेवते. रांगच मोडलेली असताना ते बनले, तर धरून ठेवण्याजोगे काही उरत नाही. जपानात किकुची प्रभृतींनी २००२ साली, एरवी काही थोड्या अंशांत आटोपणारी नील अवस्था बहुवारिकाच्या आधाराने ६० अंशांहून अधिक टापूत टिकवली, तीही त्या चिंचोळ्या टापूत तापमान काटेकोर राखून जाळे घडविल्यामुळेच.

नमुना ज्या दोन काचांमध्ये भरतात, त्यांच्यातील अंतराविषयीही हीच बेफिकिरी दिसते. शुद्ध नेमॅटिकाचा उंबरठा-विद्युतदाब थराच्या जाडीवर अवलंबून नसतो, या पाठ्यपुस्तकी नियमाच्या भरवशावर जाडी गाळली जाते. जाळे आले की हा नियम लागू राहत नाही, आणि जाळे दाट झाले की दाबही चढतो. अशा लेखातील व्होल्टचा आकडा, मग तो कितीही दशांशांपर्यंत दिलेला असो, आमच्या लेखी निरर्थक आहे.

सबब, जाळे घडवितेवेळी नमुन्याचे प्रत्यक्ष मोजलेले तापमान, दिव्याची तीव्रता व अवधी, आणि काचांमधील अंतर मायक्रॉनांत, हा तपशील ज्या लेखात नसेल, तो पुढील अंकापासून परीक्षकांकडे न धाडता लेखकाकडे परत केला जाईल.