सर्व्हर मोठा करून भागणार नाही, सातबाराची प्रत जवळ ठेवा

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." पीककर्जाच्या दिवसात हे वाक्य न ऐकलेला शेतकरी हिंगणा तालुक्यात सापडणं कठीण. कान्होलीबारा, टाकळघाटकडून माणूस येतो, दिवस बुडवतो अन् स्क्रीनवर गोल फिरणारं चक्र पाहून परत जातो.

1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. योजना चांगलीच आहे. पण अडलं की दोनच उत्तरं मिळतात: नेट वाढवा, नाहीतर सर्व्हर मोठा करा.

जरा हिशेब करा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई 700 किलोमीटर धरली तरी जाऊन-येऊन लागतात 7 मिलिसेकंद. म्हणजे दोष अंतराचा नाही, फेऱ्यांचा आणि गर्दीचा आहे. एका उताऱ्यासाठी पन्नास वेळा विचारपूस झाली अन् त्याच दारात अख्खा महाराष्ट्र उभा राहिला, की रांग लागणारच.

सातबारा म्हणजे काही क्रिकेटचा स्कोअर नाही, की दर मिनिटाला बदलेल. फेरफार किंवा पीकपाहणीची नोंद पडली तरच तो बदलतो. मग प्रत्येक वेळी मुळापर्यंत कशाला जायचं? नागपुरातच प्रत ठेवा.

धोका एकच, जुनी प्रत. काल जमिनीवर बँकेचा बोजा चढला अन् आज कोरा उतारा निघाला, तर घेणारा बुडाला! यावर उपाय 1980 च्या दशकातच निघालाय. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'अँड्र्यू फाइल सिस्टीम'मध्ये फाइलची प्रत वापरणाऱ्याच्याच यंत्रावर राहायची, आणि ती बदलली की सर्व्हर स्वतः कळवायचा. निरोप आला नाही तोवर प्रत खरी.

तेच इथं करा. फेरफार मंजूर होताच जुनी प्रत रद्द. लाइन तुटली असेल तर उताऱ्यावर ठळक छापा, "अमुक वेळेपर्यंतची नोंद". खरेदीखताला मात्र मूळ नोंदच तपासा.

भाऊ, पुढच्या ग्रामसभेत नुसतं "नेट द्या" म्हणू नका. विचारा: आपल्या उताऱ्याची प्रत कुठं ठेवली आहे? ती ताजी आहे हे कसं कळतं? उतारा निघायला रोज किती सेकंद लागतात, हे तहसीलच्या फलकावर का लागत नाही?

"उद्या या"चा खर्च शेतकरी भरतो. त्याचं मोजमाप तरी सरकारनं करावं.