देहविक्रय करणाऱ्या महिलांची कोंडी : कागद नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून सावकार

देहविक्रय करणाऱ्या बाईच्या कमाईवर अनेकांचा डोळा असतो. घरवाली, दलाल, सावकार, कधी गावाकडचे नातेवाईकही. पैसा येतो, पण तिच्या हातात राहत नाही. कारण तिच्या नावावर ना कागद, ना खातं.

खातं नसल्यानं आजारपण, पोरांची फी यासाठी सावकार गाठावा लागतो. समजा, महिना दहा टक्क्यांनी १० हजार घेतले, तर नुसतं व्याजच महिन्याला हजार. मुद्दल जागच्या जागी. राज्यात परवानाधारक सावकारालाही बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. म्हणजे महिन्याला फक्त दीडशे रुपये! विनापरवाना सावकारी तर २०१४ च्या कायद्यानं गुन्हाच आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था कार्यालयात करता येते.

'उसने फेड, मग जा' असं म्हणत दागिने, पैसे अडवून ठेवले जातात. मात्र, १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार, तिला कुंटणखान्यात थांबवण्यासाठी पैसे, दागिने किंवा कपडे अडवले, तर तिला डांबून ठेवलं असंच गृहीत धरलं जातं. डांबणाऱ्याला त्या उसनवारीसाठी तिच्यावर दावाही लावता येत नाही.

कागदांची वाटही मोकळी झाली आहे. रहिवासाचा पुरावा नसला, तरी राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या किंवा नॅकोच्या राजपत्रित अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये सांगितलं. व्यवसाय ओळखता येईल अशी कोणतीही खूण त्यात नको, असंही बजावलं. आधार मिळालं की शून्य शिलकीचं जनधन खातं निघतं.

एकजुटीनं काय होतं, हे कोलकात्याच्या सोनागाछीत दिसलं. तिथल्या महिलांनी १९९५ मध्ये 'उषा' ही स्वतःची सहकारी संस्था काढली. बचत आणि कर्ज दोन्ही तिथंच. आपल्याकडं सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद या महिलांच्या हक्कांसाठी काम करते.

मदत कुठे मिळेल?
- मोफत वकील : जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, १५१००. महिलांना उत्पन्नाची अट नाही.
- महिला हेल्पलाइन : १८१
- तातडीची पोलीस मदत : ११२
- मोबाइलवरून पैशांची फसवणूक : १९३०

कायदा आहे, आदेशही आहे. पण बँकेच्या खिडकीवर 'काय काम करतेस?' असं चारचौघांत विचारलं, तर ती परत सावकाराकडंच जाणार. खात्यासाठी आधार पुरेसं आहे. बाकी चौकशी कशाला?